पहिला फोन डॉक्टरांना

घरात माणूस गेलं की पहिला फोन बहिणीला, मग मामाला, मग गुरुजींना जातो. तो आधी डॉक्टरांना जायला हवा. तिरडीचं सामान, मडकं, शववाहिनी हे सगळं शेजारपाजारचे तासा-दोन तासांत जमवतात. अडतं ते मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यापाशी. तो हातात नसेल तर शहरात स्मशानभूमीचा पास मिळत नाही.

मृत्यू रुग्णालयात झाला तर हा दाखला तिथेच मिळतो. घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४ अ भरून द्यायचा असतो. खरी पंचाईत इथेच होते. आजोबांचे उपचार मोठ्या रुग्णालयात चाललेले आणि जवळचा डॉक्टर कुणी नाही. मग रात्री दोन वाजता बोलावलेला अनोळखी डॉक्टर नाडी पाहतो, पण सही करत नाही. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. ज्याला कधी तपासलं नाही तो कशाने गेला, हे त्याने कसं लिहावं? म्हणून घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर अधूनमधून घरी येऊन पाहणारा डॉक्टर आधीच गाठून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधार कार्ड एकाच फाइलमध्ये असू द्या.

अपघात, विषबाधा, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत अंत्यविधी थांबतो. लपवाछपवीने घरच्यांचेच हाल वाढतात.

नेत्रदान करायचं असेल तर हाताशी साधारण सहा तास असतात. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला फोन करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान करता येतं.

स्मशानातली नोंद रडणाऱ्या मुलाला सांगू नका; शांत डोक्याचा एखादा भाचा किंवा शेजारी पुढे करा. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहून घ्यायचं. घरी सगळे 'नाना' म्हणत, म्हणून तेच नोंदलं गेलं तर पुढे बँकेत आणि विम्यात महिनोन्महिने खेटे पडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. उशीर झाला तर दंड भरावा लागतो, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रती मात्र पहिल्याच खेपेला भरपूर घ्या. पेन्शन, विमा, सोसायटी, सातबारा, सगळीकडे ते मागतात.