अवघड मूल म्हणजे संस्थेचंच मूल?

फॉस्टर केअरचा, म्हणजे मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याच्या प्रतिपालनाचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "साधी मुलं ठेवा की घरात. पण जे मारतं, पळून जातं, स्वतःला इजा करून घेतं, त्याला संस्थाच हवी." हे इतक्या ठामपणे बोललं जातं, की पुरावा मागणाराच भाबडा ठरतो.

पुरावा आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि जॉन रीड यांनी वारंवार गुन्ह्यांत सापडलेल्या 79 किशोरवयीन मुलग्यांचा अभ्यास केला. तो 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. कोण ग्रुप होममध्ये, म्हणजे अनेक मुलांना एकत्र ठेवणाऱ्या संस्थेत, जाणार आणि कोण प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कुटुंबांत गेलेले मुलगे कमी पळाले, आणि नंतर त्यांच्यावर गुन्हेही कमी नोंदले गेले. ही काही 'साधी मुलं' नव्हती!

यात चमत्कार नाही. या पद्धतीत एका घरात बहुधा एकच मूल. दिवस कसा गेला, हे प्रतिपालकांना नेमाने फोन करून विचारलं जातं. रात्री-अपरात्री भडका उडाला तर मदतीला माणूस असतो. ग्रुप होममध्ये मात्र चिडलेली, दुखावलेली मुलं एकत्र ठेवायची, सांभाळणारी माणसं पाळीपाळीने बदलायची, आणि मुलं एकमेकांकडून नको ते शिकली की कपाळाला हात लावायचा.

कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये कायदा करून 2017 पासून जुनी ग्रुप होम मोडीत काढायला घेतली. म्हणजे संस्था बंद? नाही. तीव्र गरज असेल तर अल्पकालीन उपचारकेंद्र आहे. फक्त तिथल्या सहा महिन्यांपुढच्या मुक्कामाला काउंटीच्या (जिल्ह्याच्या) वरिष्ठ अधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

मुलांना कुटुंबांत ठेवणं म्हणजे 'पैसे वाचवायचा डाव', हाही लाडका आरोप. मूल घरी पाठवलं आणि समुपदेशक संस्थेतच ठेवला, तर तो खराच ठरेल. सेवा मुलामागोमाग गेली पाहिजे.

आणखी एक आक्षेप: 'मूल एकदा प्रतिपालकांच्या घरातून परत आलं, म्हणजे त्याला कुटुंब मानवत नाही.' त्या कुटुंबाला मदत किती मिळाली होती, ते आधी विचारा.

आपल्याकडेही 2015च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि कलम 44 मध्ये प्रतिपालनाची सोय आहे. तरी अवघड मुलाचं नाव काढताच पहिला प्रश्न येतो, "कुठल्या बालगृहात जागा आहे?"