फोनची पाळी आणि पोत्यांची गाडी

१९९० च्या दशकात वडूजसारख्या तालुक्याच्या गावी एसटीडी बूथवर रात्री गर्दी व्हायची. उशिरा फोन केला की दर पाव लागायचा. खात्याला आपली दया आली म्हणून नव्हे, तर रात्री लाइनी रिकाम्या पडायच्या म्हणून. शेतीपंपाला रात्रीची वीज देतात, त्यातलाच प्रकार.

सामाईक विहिरीची पाळी आपल्याला ठाऊक आहे. पाळी तुमची असली की मोटर चालवा नाहीतर झोपून राहा, दुसऱ्याला पाणी घेता येत नाही. तो जुना फोन असाच. नंबर लागला की या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट तुमच्या नावे राखली जायची. यालाच सर्किट स्विचिंग म्हणतात. ‘थांबा, दाजींना बोलावतो’ म्हणून रिसिव्हर बाजूला ठेवला तरी वाट अडलेली आणि मीटर पळतंय!

डिजिटल एक्स्चेंज आले तरी पाळी राहिली, फक्त बारीक झाली. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन एकाच लाइनवर ३० जणांचे बोलणे पाळीपाळीने जाते. सगळ्या पाळ्या भरल्या की पुढच्याला ‘लाइन व्यस्त’. सी-डॉटने १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला असे पहिले ग्रामीण एक्स्चेंज बसवले. त्याला एसी लागत नव्हता, खेड्यासाठी हेच मोठे!

इंटरनेटची रीत वेगळी. बाजार समितीला जाणाऱ्या गाडीत दहा जणांची पोती असतात, प्रत्येकावर आपापली खूण. एखादे मागे राहिले तर पुढच्या गाडीने येते. म्हणून रेंज कमी असली तरी किडक्या पानाचा फोटो उशिरा का होईना पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे मात्र तुटते, कारण उशिरा आलेला शब्द काय कामाचा? अशा वेळी साधा फोन लावून पाहावा. २जी वर त्याला अजून राखीव पाळी मिळते. ४जी वर बोलणेही पोत्यांतूनच जाते, पण त्या पोत्यांना गाडीत पहिली जागा देतात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. मेसेजला एकच टिक असेल तर पोते पलीकडे उतरलेले नाही. वायरमन खांबावर असताना ‘लाइन बंदच ठेवा’ हा निरोप मेसेजवर सोडू नका. फोन लावा, आणि पलीकडच्याचा होकार कानाने ऐकल्यावरच त्याला वर चढू द्या.