निम्मी गाडी, पुरी बिले

टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला घसारा शिकवावा लागत नाही. यंत्र दारात उतरले की त्याची किंमत उतरायला लागते आणि ती किती उतरली हे दरवर्षी वहीत मांडायचे असते, हे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वाढलेल्या पोराला मिसरूड फुटण्याआधीच कळलेले असते. माझ्या एका मित्राचा तिथे कारखाना आहे. २०२४ मध्ये त्याने पुण्याहून एक जुनी गाडी आणली, २०१९ची बीएमडब्ल्यू ३३०आय, आणि लूमच्या वह्यांशेजारी तिचीही एक लाल वही घातली. गाडीबद्दल लोक त्याला वेग विचारतात. मी वही मागितली.

गाडीची मूळ कुंडली अशी. ऑगस्ट २०१९ मध्ये हे मॉडेल भारतात आले तेव्हा शोरूमची किंमत ४७ लाख ९० हजार होती. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, वर विमा. रस्त्यावर येईपर्यंत आकडा पंचावन्न लाखांच्या पुढे गेला. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २५८ अश्वशक्ती, थांबलेल्या गाडीला शंभरचा वेग गाठायला ५.८ सेकंद. जोडणी चेन्नईजवळच्या कारखान्यात. मित्राने ती जेमतेम निम्म्या किमतीत घेतली. त्यात त्याची हुशारी फार नव्हती, कारण विम्याच्या कोष्टकातही गाडीचे मूल्य सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २०, मग ३०, ४० आणि पाचवे वर्ष सरताना ५० टक्के उतरलेले धरतात. पहिल्या मालकाने पाच वर्षांत वीस-पंचवीस लाखांचा घसारा सोसला, म्हणून दुसऱ्याला ती परवडली. पुण्याची गाडी सोलापुरात आली तरी राज्य तेच, त्यामुळे नंबर एमएच-१२च राहिला. याचे त्याला जरा जास्तच कौतुक आहे, असे माझे मत.

अडचण पुढे सुरू होते. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या ब्रेकची, टायरची, दिव्याची किंमत निम्मी होत नाही. पंचवीस-तीस लाखांत नवी एसयूव्ही घेणारा पंचवीस-तीस लाखांच्या गाडीची बिले भरतो. हा पन्नास लाखांच्या गाडीची भरतो. जुन्या वेगवान गाड्यांच्या बाजारात एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची असते, आणि बहुतेकांना ती पहिल्या सर्व्हिसनंतर समजते.

त्याची सर्व्हिस होटगी रोडच्या आत एका गॅरेजमध्ये होते. मेस्त्रीचे वडील ट्रक दुरुस्त करायचे. याने पुण्यात मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षे काढली आणि परत आला. घरी तेलुगू, पोरांशी हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी, विजयपूरच्या गाडीवाल्याशी कन्नड. एप्रिलमधल्या एका सकाळी मी मित्राबरोबर तिथे जाऊन बसलो. नऊ वाजताच पत्र्याखाली धग जाणवत होती.

मेस्त्रीने आधी पाना घेतला नाही, लॅपटॉप घेतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली आणि गाडीने कुठे कुठे कुरकूर नोंदवून ठेवली आहे ते वाचत बसला. मग गाडी लिफ्टवर गेली. पोटाखालचे प्लास्टिकचे पत्रे काढायलाच बराच वेळ लागला, कारण स्क्रू पुष्कळ, आणि त्यातला एखादा आधीच्या कुणीतरी हरवलेला असतोच. तेल सोडले. काळे तेल त्याने दोन बोटांत चोळून पाहिले आणि नाकाशी नेले. पेट्रोलचा वास येतो का ते बघतो, म्हणाला. लॅपटॉप हे सांगत नाही.

फिल्टर म्हणजे कागदी घड्यांचे एक नळकांडे, ते बदलले. कंपनीच्या मान्यतेचा शेरा असलेले सिंथेटिक तेल पाच लिटरच्या थोडे वर गेले. मी सवयीने विचारले, पट्टी कुठे आहे? मेस्त्री हसला. या गाडीला डिपस्टिकच नाही. इंजिन गरम करायचे, गाडी सपाट जागी उभी करायची आणि पडद्यावर आकडा उमटायची वाट बघायची. “मालक, आता तेल आपण बघायचं नाही, गाडीनं सांगायचं,” तो म्हणाला; स्वर कौतुकाचा नव्हता.

नुसती तेल-फिल्टरची सर्व्हिस वीस हजारांच्या आत बसते. खर्च वाढतो तो उघडल्यावर जे दिसते त्याने. पुढचे ब्रेक पॅड संपत आले होते. पॅडबरोबर झीज सांगणारी बारीक वायर असते, ती एकदा घासली की बदलावीच लागते. मागच्या पॅडला हात लावायचा तर हँडब्रेक विजेवर चालणारा, त्यामुळे आधी कॉम्प्युटरवरून तो उघडायचा. बॅटरी बदलली तरी नवी बॅटरी बसवली आहे हे गाडीला लॅपटॉपवरून कळवावे लागते, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते. पूर्वी बॅटरी बदलायला दहा मिनिटे आणि एक पाना पुरायचा.

मग मेस्त्रीने टॉर्च लावून इंजिनच्या मागचे पाणी नेणारे पाइप पाहिले. या इंजिनांत कूलंटचे बरेच पाइप आणि जोड प्लास्टिकचे आहेत. टर्बोची उष्णता आतून आणि सोलापूरचा उन्हाळा बाहेरून. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की शहरातल्या रेंगाळत्या गाडीत बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. प्लास्टिक आधी रंग सोडते, मग कडक होते, मग एके दिवशी नखाएवढ्या चिरेतून कूलंटचा थेंब दिसतो. पाइप फार महाग नसतो. त्याच्यापर्यंत पोचण्याची मजुरी महाग असते. आणि चीर दिसली नाही तर इंजिनचे डोके वाकण्यापर्यंत प्रकरण जाते, ते लाखांत.

मजुरी सोलापूरची, भाग म्युनिकचे, असा सगळा मामला. मजुरीत पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपपेक्षा बराच पैसा वाचतो. भागांत वाचवायचा तर माहिती लागते. गाडी बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः घडवत नाही. फिल्टर मान किंवा माह्लेचा, गिअरबॉक्स झेडएफचा, सेन्सर बॉशचा. तोच भाग त्या मूळ कारखान्याच्या खोक्यात घेतला तर स्वस्त पडतो. कधी कधी तर त्यावरचा गाडीच्या कंपनीचा शिक्का घासून काढलेला स्पष्ट दिसतो. मेस्त्री पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याला भागाचा नंबर पाठवतो, पैसे फोनवरून जातात आणि पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून पहाटे सोलापुरात उतरते. नंबरमधले एक अक्षर चुकले की आणखी एक रात्र. तोवर गाडी लिफ्टवर आणि लिफ्ट अडकलेली. वहीत या दिवसांना रकाना नाही, पण त्या दिवसांत मित्र कारखान्याच्या टेम्पोतून फिरतो.

दुपारी गिअरबॉक्सचा विषय निघाला. आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक. त्यातले तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, असे गाडीवाल्या कंपनीचे धोरण. गिअरबॉक्स घडवणारी झेडएफ मात्र सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदला. दोघांत कुणाचे ऐकायचे? मेस्त्रीचे उत्तर सोपे होते: ज्याने बनवला त्याचे. त्यातही खोच अशी की तेलाचा फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या थाळीतच बसवलेला असतो, म्हणून फिल्टरसाठी अख्खी थाळी बदलावी लागते. सगळे मिळून साठ-सत्तर हजार. गाडीचे काटे तेव्हा सत्तर हजारांच्या पुढे होते. मित्र म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मेस्त्रीने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. बिलाच्या खाली एक ओळ लिहून ठेवली.

टायरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण वहीत एकरकमी सगळ्यात मोठा धक्का तिथे आहे. पुढचे टायर २२५ मिलिमीटर रुंद, मागचे २५५. मापे वेगळी म्हणून पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही, आणि ढकलणारी चाके मागची असल्याने मागचे टायर आधी झिजतात. त्यात ते रनफ्लॅट. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत ठेवून ८० किलोमीटरपर्यंत जाता यावे म्हणून त्यांच्या भिंती जाड आणि ताठ असतात. जर्मनीच्या रस्त्यावर ही सोय. आपल्याकडे खड्ड्याचा दणका टायर खात नाही, तो पुढे रिमला आणि कंबरेला देतो. भिंतीला फुगा आला की टायर गेला, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. शिवाय स्टेपनीला गाडीत खास जागा नाही. ठेवली तर डिकीत सामानाच्या उरावर. चार टायरचा संच लाखाच्या पुढे जातो आणि तीस हजार किलोमीटर चालला तर नशीब. मित्राने दुसऱ्या संचाला साधे टायर घातले. गाडी मऊ झाली, खर्च उतरला, आणि आता तो हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे किट घेऊन हिंडतो.

पेट्रोलवर लोक सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मी थोडक्यात उरकतो. वर्षाला नऊ हजार किलोमीटर, सरासरी लिटरला दहा, पेट्रोल शंभरच्या वर: साधारण एक लाख. या पेट्रोलमधला पाचवा हिस्सा आता इथेनॉल असतो आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत, म्हणजे माढा-माळशिरसचा ऊस काही अंशी या टाकीत जळतो. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. बिल त्यामुळे किंचित वाढते. टर्बो इंजिनाला ऑक्टेन कमी पडला तर सेन्सर ठिणगी मागे ओढतो. इंजिन वाचते, ताकद उतरते. म्हणून मित्र महागाचे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरतो.

विम्यात सोलापुरात नोंदलेल्या गाडीला एक फायदा असतो, मित्राच्या एमएच-१२ला तो मिळत नाही. मोटारविम्याच्या दरांसाठी देशातली आठ शहरे ‘अ’ विभागात आहेत. राष्ट्रीय महामार्ग ६५ वर एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, दोन्ही ‘अ’. मधले सोलापूर ‘ब’, म्हणून तिथे नोंदलेल्या गाडीला दर थोडा कमी. त्रयस्थ विम्याचे तर १५०० सीसीच्या वर सगळ्यांना एकच, ७,८९७ रुपये, मग इंजिन कुठलेही असो. मात्र गाडी पाच-सात वर्षांची झाली की बऱ्याच कंपन्या झीरो डेप, म्हणजे भरपाईत घसारा न कापणारे कवच, द्यायला कां-कूं करतात. ते नसेल तर अपघातात प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच भरपाई मिळते, आणि या गाडीचे तोंड बंपरसकट बहुतेक प्लास्टिकचेच आहे. एका बाजूचा दिवा लाखाच्या पुढे. जुळे सोलापुरातल्या एखाद्या गल्लीत रात्रीत उगवलेल्या गतिरोधकाला तो दिवा नाही, पण त्याखालचा बंपरचा ओठ हमखास लागतो.

आता वहीतली बेरीज. पेट्रोल एक लाख, विमा सत्तावन्न हजार, सर्व्हिस आणि दुरुस्ती अडतीस, टायरचा वाटा तेहतीस, टोल-धुलाई-अलाइनमेंट आणि किरकोळ वीस हजार. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार झाले. याच्याखाली मित्राने दुसऱ्या शाईत अडीच लाख घसारा लिहिला आहे. हा पैसा खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून बाकीचे गाडीवाले तो धरत नाहीत. धरला तर पाच लाखांना दोन हजार कमी, म्हणजे किलोमीटरला पंचावन्न रुपये. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर: पावणेचौदा हजार. सकाळच्या वंदे भारतला हजार रुपयांच्या आतबाहेर लागतात. आणि महामार्गावर मोटारीची मर्यादा ताशी १००, ती ओलांडली तर कायद्यात हलक्या वाहनाला हजार ते दोन हजार दंड. अडीचशेचा वेग असलेली गाडी पुण्याला तेवढ्याच वेळात पोचते जेवढ्यात शेजाऱ्याची स्विफ्ट.

मग का ठेवायची? मी विचारले. रविवारी पहाटे नळदुर्गकडे जाताना ती दुसऱ्या गिअरमध्ये जो आवाज करते त्याला रकाना नाही, एवढेच तो म्हणाला आणि जरा लाजला. मला ते पटले. लूमही पैसे खातो, पण रात्रपाळीत पैसे परत देतो. ही देत नाही, हे माहीत असून ठेवलेली गोष्ट आहे. मला राग येतो तो हे न सांगता हप्ता किती बसेल एवढेच सांगून गाडी विकणाऱ्यांचा. हप्त्यात यातले काहीच नसते.

यंदा दिवाळीनंतर त्याने ती विकायचे मनावर घेतले. बार्शीकडचा एक तरुण बघायला आला, सोबत स्वतःचा स्कॅनर घेऊन. मित्राने किंमत सांगण्याआधी त्याच्या हातात लाल वही दिली. पोरगा गाडीत बसायच्या आधी ओसरीवर बसला आणि पानन् पान वाचले. टायर विचारले नाहीत, पेट्रोल विचारले नाही. मेस्त्रीच्या बिलाखालच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “काका, गिअरबॉक्सचं तेल झालेलं दिसत नाही. सत्तर हजार कमी करा.”

मित्राने वही मागे घेतली, मेस्त्रीला फोन लावला आणि विचारले, थाळीचे पार्सल सांगितले तर कधी उतरेल.