दरी रुंदावते ती थंडीत

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं ग्रँड कॅनियन पाहायला २०२३ साली ४७ लाखांहून अधिक माणसं गेली. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र काठावरची गर्दी ओसरते, झाडांवर बर्फ साचतं आणि हंगाम संपला असं सगळे मानतात. पण तो संपतो माणसांचा. दरीचं काम याच दिवसांत जोरात चालतं, आणि ती एवढी अफाट कशी झाली हे कळायला हाच काळ उत्तम आहे.

आधी तिचा आवाका पाहू. कोलोरॅडो नदीच्या वळणांसह मोजली तर दरीची लांबी ४४६ किलोमीटर भरते. खोली सुमारे १,६०० मीटर, काही ठिकाणी १,८०० मीटरहूनही जास्त. रुंदी साधारण १६ किलोमीटर, सर्वांत रुंद जागी २९ किलोमीटर. या पोकळीचं घनफळ ४.१७ लाख कोटी घनमीटर आहे. आपल्या कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. अशी सुमारे १,४०० कोयना धरणं तुडुंब भरून इथे रिती करावीत, तेव्हा कुठे ही दरी काठोकाठ भरेल. दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो, सरळ रेषेत १६ किलोमीटरवर. पण गाडीने तिथे जायचं तर सुमारे ३५० किलोमीटरचा वळसा पडतो. हिवाळ्यात तर उत्तर काठाचा रस्ता बर्फामुळे बंदच असतो.

काळाचं मापही असंच छाती दडपवणारं. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. तळाशी नदीलगत ‘विष्णू शिस्ट’ नावाचा काळपट खडक आहे, तो सुमारे १७० कोटी वर्षांचा. दक्षिण काठावरून पायवाटेने नदीपर्यंत १,३०० मीटरहून अधिक उतरावं लागतं. सरासरी काढली तर एक मीटर उतरलं की आपण दहा लाखांहून जास्त वर्षं मागे जातो. अर्थात ही वर्षं सलग नाहीत. काही ठिकाणी दोन थर एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि त्यांच्यामधली सुमारे १२० कोटी वर्षं गायब असतात. त्या काळातले खडक नवे थर बसण्याआधीच झिजून वाहून गेले.

एवढ्या जुन्या खडकात दरी मात्र अलीकडची. नदीने ती बहुतांशी गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत कोरली. म्हणजे खोली वाढली वर्षाला जेमतेम ०.३ मिलिमीटर. पण नदीचं पात्र सरासरी ९० मीटर रुंद, आणि दरी १६ किलोमीटर! मग उरलेली रुंदी आली कुठून?

तिचं मोठं श्रेय पावसाला, बाजूच्या ओढ्यांना आणि थंडीला. पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. दिवसा बर्फ वितळून पाणी कड्यांच्या भेगांत उतरतं, रात्री गोठतं आणि भेग आणखी ताणतं. दक्षिण काठावर जानेवारीतलं कमाल तापमान सरासरी ५ अंश, किमान उणे ८. म्हणजे गोठण्या-वितळण्याचा हा खेळ जवळपास रोजचाच. शेवटी कडा सुटतो, दगड खाली येतात आणि नदी त्यांचा चुरा करून वाहून नेते. उत्तर काठ अधिक उंच, तिथे बर्फही अधिक. शिवाय तिथलं पाणी उतारावरून दरीकडेच येतं. म्हणून तो काठ नदीपासून दक्षिण काठापेक्षा बराच जास्त मागे सरकला आहे. १६ किलोमीटर भागिले ५५ लाख वर्षं असा हिशेब केला, तर दरी वर्षाला सुमारे ३ मिलिमीटर रुंदावत आली. खोलीच्या दहापट वेगाने!

अमेरिकेतल्या मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे हिवाळ्यात जाणार असाल, तर दक्षिण काठ जरूर गाठा. तो वर्षभर खुला असतो. काठालगतचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यावर स्वतःची गाडी नेता येते. पायवाटांच्या वरच्या भागात बर्फ कडक होतं, म्हणून बुटांखाली अडकवायचे काटे सोबत ठेवा. काठापासून अंतर राखा, आणि कुठे दगड घरंगळल्याचा आवाज आला तर लक्ष देऊन ऐका: ४.१७ लाख कोटी घनमीटरची ही पोकळी अशाच एकेका दगडाने झाली आहे.