टाकीपासून नॉझलपर्यंत

कविता लिहिणारा माणूस आज इंजिनावर बोलणार, हे ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. पण माझं बालपण रत्नागिरीच्या राजिवड्यात, भाट्ये खाडीच्या काठावर गेलं. अब्बा यांत्रिक होडीवर ड्रायव्हर होते. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. होडी चालवतो तो तांडेल. मी बी.ए.ला होतो तेव्हाही सुट्टीत माझ्या हातांना डिझेलचा वास असायचा. तेवढ्या भांडवलावर आज बोलतो आहे.

विषय एवढाच, की टाकीत इंधन आहे, तरी ते इंजिनाला मिळत नाही आणि होडी भर पाण्यात बंद पडते. अशा वेळी दोष कुठे शोधायचा?

रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती बाजूला लावून चहा प्यायला जाता येतं. पाण्यावर इंजिन थांबलं तरी होडी थांबत नाही. तिला वारा आणि प्रवाह ओढत नेतात. भाट्ये खाडीच्या मुखाशी वाळू साचून वाट अरुंद झाली आहे. तिथे इंजिन गेलं, तर होडी लाटेला आडवी व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून पहिलं काम इंजिनाचं नाहीच. आधी नांगर टाका, सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला सांगा. नांगराने तळ धरला आणि होडीचं तोंड लाटेकडे वळलं, की मग पान्हा हातात घ्या. घाबरलेला माणूस आधी पान्हा घेतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरं काम कानाचं. इंजिन कसं बंद पडलं, हे आठवा. धाडकन थांबलं असेल तर पंख्यात दोर किंवा जाळं अडकलंय का ते बघा. पण आवाज आधी खाली-वर झाला, दम लागल्यासारखा तुटक झाला आणि मग विझला, तर बहुधा इंधनाची उपासमार आहे. डिझेल इंजिनात आणखी एक खूण मिळते. सेल्फ मारताना धुराड्यातून जराही धूर येत नसेल, तर डिझेल आत पोचतच नाही, असं समजायचं. पांढरा धूर येतो पण इंजिन घेत नाही, तर डिझेल पोचतंय, दोष दुसरीकडे आहे.

आता डिझेलची वाट बघू. टाकी, तिचा कॉक, पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर, मग डिझेल ओढणारा फीड पंप, त्यापुढे बारीक फिल्टर, मग मोठा दाब देणारा पंप आणि शेवटी नॉझल. शोध नेहमी टाकीकडून सुरू करायचा. कारण साधं आहे: टाकीकडचे दोष स्वस्त असतात आणि हाताने सुटतात. नॉझलकडचे महाग असतात आणि समुद्रात सुटत नाहीत. कॉक अर्धवट फिरलेला असणं, हाही दोषच. हसू नका, पायाचा धक्का लागून कॉक फिरतो.

टाकीला हवेची एक छोटी नळी असते. डिझेल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती नळी बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढला तरी डिझेल येत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवतात, तेव्हा कुंभारमाशीला ती नळी म्हणजे आयतं घर. ती मातीने तोंड लिंपून टाकते. खूण अशी, की इंजिन पंधरा-वीस मिनिटं छान चालतं, मग मान टाकते. टाकीचं झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो. झाकण सैल ठेवलं की इंजिन पुन्हा तसंच छान चालतं. असा दोष सापडला की मेस्त्रीला बोलवायची गरज नाही. एक तार पुरे.

सर्वांत जास्त दगा हवा देते. मेस्त्री म्हणतात, ‘इंजिनाने एअर घेतली.’ हवा दबते, डिझेल दबत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नॉझल उघडायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दोनशे पट दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नॉझल मुकं राहतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिला चीर पडली तर बहुतेक वेळा डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणजे ‘कुठे थेंब नाही, सगळं ठीक आहे’ हा निष्कर्ष नेमका तिथेच फसतो. सैल क्लिप, कडक झालेली रबरी नळी, फिल्टरची चेपलेली रिंग, नट-बोल्टाखालचे वायसर, हे सगळं हाताने चाचपून बघावं लागतं. फिल्टर बदलताना जुनी रिंग वरच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली, तर नवा फिल्टरही हवा घेतो.

हवा काढायची रीत सोपी आहे. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाचा हाताचा दांडा मारत राहायचं. आधी फेस येतो, मग खाकरल्यासारखे बुडबुडे, शेवटी डिझेलची अखंड धार. धार आली की दांडा मारता मारताच स्क्रू आवळायचा. मोठ्या पंपावर स्क्रू असेल तर तिथेही तेच. एक मात्र हात जोडून सांगतो: दाबाखालची धार कुठून उडतेय, ते बोट लावून पाहू नका. ती कातडी भेदून आत जाते आणि बोट गमवायची पाळी येते. नव्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब हजार पटींच्याही वर असतो. त्यांच्या त्या नळ्यांना समुद्रात पान्हाच लावायचा नाही.

दोष टाकीकडे आहे की पुढे, हे ठरत नसेल तर एक युक्ती आहे. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा आणि चांगल्या नळीने थेट फीड पंपाला जोडा. हवा काढून इंजिन सुरू केलं आणि ते तालात चाललं, तर गुन्हेगार टाकी ते पंप यांच्या दरम्यान आहे. बंदरापर्यंत त्याच कॅनवर येता येतं. ही युक्ती डिझेलपुरतीच. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलचा उघडा कॅन टांगायचा नसतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डची तऱ्हा थोडी वेगळी. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो उघडायला माणसं विसरतात. नळीच्या मध्ये रबरी फुगा असतो, तोच तुमचा डॉक्टर. दाबल्यावर तो चपटाच राहिला तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा पेट्रोल गळतंय. फुगा दाबत राहिलं तरच इंजिन चालतं, तर पंप थकलेला असेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. तळाशी वास आला तर आधी वारा खेळू द्या. सेल्फ मारू नका, विडीही नको.

त्यात 2025 पासून पंपांवर साधारणपणे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी ओढते तीही तळाकडूनच. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल घेऊन समुद्रात जाऊ नये, ते यासाठी. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होतात.

डिझेलमध्येही पाणी जमतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा थंड होऊन थेंब धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत साका तयार होतो. खाडीच्या संथ पाण्यात हा साका निमूट बसून असतो. मुखाशी पहिल्या मोठ्या लाटा लागल्या की सगळा ढवळून फिल्टरमध्ये येतो. खाडीत गुणगुणणारं इंजिन नेमकं मुखावर का बंद पडतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. त्यात नशिबाचा भाग कमीच.

म्हणून बंदी सुरू होताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी टाकीच्या तळाचा कॉक उघडून काचेच्या पांढऱ्या बाटलीत थोडं डिझेल काढावं. बाटली रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. तो थर दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं, मग दोन्ही फिल्टर बदलायचे आणि हवा काढून इंजिन किनाऱ्याला बांधूनच तासभर चालवायचं. टाकीला तळाचा कॉकच नसेल, तर होडी वर ओढलेली आहे तोवर तो बसवून घ्यावा.