खाडीवरच्या पक्षिदर्शनाची तयारी
ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले; २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पाहायला ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटी भरती-ओहोटीवर अवलंबून असतात, म्हणून सामान भरण्याआधी भरतीची वेळ पाहावी. कल्याण-डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने निघणाऱ्याला गारवा लागतो, पण दहानंतर उघड्या बोटीत ऊन चटके देते. त्यामुळे एका जाड जाकिटापेक्षा सहज काढता येणारे दोन पातळ कपडे बरे. सोबत टोपी आणि भरपूर पाणी. दुर्बीण ८×४२ची घ्यावी. हलत्या बोटीत याहून जास्त वर्धनाची प्रतिमा फार थरथरते. कपडे मातकट रंगाचे असावेत. खाऊ झाकणाच्या डब्यातच न्यावा. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी तिवरांच्या श्वसनमुळांत अडकून राहते.