वर्क फ्रॉम होम: लॅपटॉप दिला की कंपनीची जबाबदारी संपते का?

रात्री साडेनऊला जेवायला बसावं आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज यावा, 'जरा बघता का?' घरून काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव नवा नाही. घरच ऑफिस झालं, तर ऑफिस सुटतं कधी?

पोर्तुगालने याचं उत्तर कायद्यातच दिलं. १ जानेवारी २०२२ पासून तिथे हे नियम लागू आहेत:

• साधनं आणि खर्च: कामाची साधनं कंपनीने पुरवायची. वीज आणि इंटरनेटचा वाढीव खर्चही द्यायचा.
• वेळ: अगदी आणीबाणी सोडली, तर विश्रांतीच्या वेळेत संपर्क करायचा नाही.
• पाळत: कर्मचाऱ्याच्या खासगीपणावर गदा येईल अशी कॅमेऱ्याची नजर ठेवायची नाही.
• भेटी: एकटेपणा येऊ नये म्हणून दोन महिन्यांतून किमान एकदा सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष भेट.

भारतात काय?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली. पण कामाचं स्वरूप तसं हवं आणि कंपनीची संमतीही हवी. २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' हे खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

तरी कंपन्यांना कायद्याची वाट बघायची गरज नाही. मेसेजची वेळ ठरवणं, इंटरनेटचा भत्ता देणं आणि हिरवा दिवा किती वेळ दिसला यापेक्षा काम किती झालं ते पाहणं आजही शक्य आहे.